दूषित अन्नाची वर्दी कोणी, कोणाला, कधी द्यायची?

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या आरोग्य विभागाने २६ मे २०११ रोजी एक घोषणा केली. उत्तर जर्मनीत त्या वेळी शेकडो लोक रक्तमिश्रित अतिसाराने आजारी होते, त्यांतील अनेकांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि कारण काही केल्या सापडत नव्हते. हॅम्बुर्गच्या बाजारातून आणलेल्या ४ काकड्यांवर ई. कोलाय जंतूचा घातक प्रकार आढळला आणि त्यांपैकी ३ काकड्या स्पेनमधून आलेल्या होत्या. विभागाने स्पेनचे नाव घेऊन हे जाहीर करून टाकले.

पुढे जे घडले ते अन्नसुरक्षेच्या अभ्यासक्रमात आजही शिकवण्यासारखे आहे. युरोपभर दुकानदारांनी स्पेनची भाजी फडताळावरून काढली. अंदालुसियातील शेतकऱ्यांनी उभी काकडी तोडून फेकली. दर आठवड्याला सुमारे २० कोटी युरो बुडत असल्याचा अंदाज स्पेनच्या उत्पादकांनी मांडला. रशियाने तर २ जून रोजी संपूर्ण युरोपीय संघातून येणारी ताजी भाजी बंद केली. आणि मधल्या काळात, ३१ मे रोजी, प्रयोगशाळेचा पुढचा अहवाल आला होता. काकड्यांवरचा जंतू वेगळा होता. रुग्णांच्या शरीरात सापडलेला ओ१०४:एच४ हा प्रकार त्यांच्यावर नव्हताच!

मग दोषी कोण? रोगतज्ज्ञांनी रुग्णांना काय खाल्ले ते विचारले, तर टोमॅटो, काकडी, कोशिंबिरीची पाने अशीच उत्तरे येत. मोड आलेल्या कडधान्याचे नाव रुग्णांपैकी जेमतेम चौथा भाग घेत होता. पदार्थावर शोभेपुरते भुरभुरलेले मोड कोणाच्या लक्षात राहणार? शेवटी जर्मनीच्या रॉबर्ट कॉख संस्थेने प्रश्न रुग्णांऐवजी आचाऱ्याला विचारला. एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या गटांची बिले आणि त्यांनी काढलेली छायाचित्रे गोळा केली, कोणत्या पदार्थात काय घातले जाते ते स्वयंपाकघरातून समजून घेतले आणि कोण आजारी पडले याच्याशी ताडून पाहिले. ज्यांच्या ताटात मोड होते, तेच मोठ्या संख्येने आजारी पडले होते. धागा लोअर सॅक्सनी प्रांतातील मोड तयार करणाऱ्या एका शेतापर्यंत पोहोचला. जूनअखेर फ्रान्समध्ये बोर्दोजवळ एका कार्यक्रमात मोड खाल्लेल्या लोकांना तोच जंतू बाधला. तिथले बियाणे ब्रिटनमधील कंपनीच्या ५० ग्रॅमच्या पाकिटातले होते. जर्मन शेत आणि फ्रेंच पाकीट या दोहोंना जोडणारी गोष्ट एकच निघाली : इजिप्तमधून २००९च्या अखेरीस निघालेला मेथीच्या दाण्यांचा १५ हजार किलोंचा एक लॉट.

आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात असते तीच ही मेथी. अँटवर्प बंदरात उतरून, रॉटरडॅममार्गे जर्मन आयातदाराकडे आणि तिथून ७० कंपन्यांकडे ती गेली. त्यांतल्या ५४ जर्मनीत होत्या, उरलेल्या इतर ११ युरोपीय देशांत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ५ जुलै २०११ रोजी हा माग जाहीर केला. तोवर जर्मनीत सुमारे ३,८०० लोक बाधित झाले होते आणि ५० हून अधिक मृत्युमुखी पडले होते. दाण्यांवर प्रत्यक्ष जंतू कधीच सापडला नाही आणि इजिप्तने आरोप मान्य केला नाही, हेही नोंदवले पाहिजे. निष्कर्ष उभा राहिला तो केवळ कागदपत्रांच्या साखळीवर. स्पेनसह इतर देशांतील भाजी उत्पादकांना युरोपीय संघाने २० कोटींहून अधिक युरो भरपाई दिली.

वर्दीची यंत्रणा

अन्न एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा त्याच्यातील दोषाची बातमी त्याच्या मागोमाग गेली पाहिजे, ही कल्पना जुनी आहे. युरोपात त्यासाठी १९७९पासून 'रॅसफ' नावाची जलद सूचना यंत्रणा आहे. एखाद्या सदस्य देशाला बाजारात धोकादायक माल आढळला, तर तो ब्रुसेल्सला कळवतो आणि तिथून ती सूचना सर्व सदस्यांकडे जाते. माल कोठून आला, कोणाकडे गेला, लॉट क्रमांक कोणता, काय आढळले, किती आढळले, हा तपशील तीत असतो. बंदरावरच अडवलेल्या मालाची वेगळी नोंद होते, म्हणजे एका बंदराने नाकारलेला माल दुसऱ्या बंदरातून आत शिरू नये. या साऱ्याचा पाया २००२च्या युरोपीय अन्न कायद्यात आहे. प्रत्येक व्यावसायिकाने आपण माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे दाखवता आले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. मेथीचा माग लागला तो याच नियमामुळे.

युरोपाबाहेरच्या जगासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००४मध्ये 'इन्फोसान' हे जाळे उभे केले. प्रत्येक देशाने एक आपत्कालीन संपर्क अधिकारी नेमायचा आणि आणीबाणीच्या वेळी जीनिव्हातील सचिवालयाशी त्याने बोलायचे, अशी त्याची साधी रचना आहे. आज सुमारे १९० देश त्यात आहेत. पण हे जाळे स्वेच्छेवर चालते. माहिती दडवणाऱ्या देशाला शिक्षा करण्याचा कोणताही अधिकार त्याच्याकडे नाही. युरोपच्या सूचना कोणीही संकेतस्थळावर वाचू शकतो. इन्फोसानमधील देवाणघेवाण मात्र सरकारी अधिकाऱ्यांपुरती राहते. गुप्ततेवाचून देश तोंड उघडणार नाहीत, असा त्यामागचा व्यवहारी विचार आहे.

बंधन आहे ते आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचे. २००५मध्ये संमत झालेली आणि १५ जून २००७पासून लागू असलेली ही नियमावली भारतासह जवळजवळ साऱ्या जगाला बांधील आहे. एखादी घटना घडली की देशाने स्वतःला ४ प्रश्न विचारायचे. लोकांच्या आरोग्यावर तिचा परिणाम गंभीर आहे का? ती अनपेक्षित किंवा नेहमीपेक्षा वेगळी आहे का? ती सीमेपलीकडे पसरण्याचा मोठा धोका आहे का? तिच्यामुळे प्रवासावर वा व्यापारावर निर्बंध येण्याची दाट शक्यता आहे का? यांपैकी कोणत्याही दोहोंचे उत्तर 'होय' असेल, तर २४ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे.

यातला चौथा प्रश्न जरा नीट वाचावा. व्यापाराला फटका बसेल अशी भीती ज्या क्षणी वाटते, नेमक्या त्याच क्षणी देशाने जगाला सांगावे, अशी ही अपेक्षा आहे. माणसाचा आणि सरकारचाही स्वभाव याच्या बरोबर उलट असतो.

एकच कंपनी, दोन ऑगस्ट

या स्वभावाची किंमत चीनमधील तान्ह्या मुलांनी २००८मध्ये मोजली. दुधात पाणी घालायचे आणि प्रथिनांचे प्रमाण कमी दिसू नये म्हणून त्यात मेलामाइन मिसळायचे, असा तो प्रकार होता. प्लास्टिकसदृश वस्तू तयार करण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन नायट्रोजनने भरलेले असते आणि प्रथिने मोजण्याची प्रचलित चाचणी खरे तर नायट्रोजनच मोजते. चाचणीला फसवणे सोपे होते, बाळाच्या मूत्रपिंडाला फसवणे अशक्य. त्यात खडे तयार झाले. सानलू या कंपनीची भुकटी त्यात सर्वाधिक बदनाम झाली, पण तपासणीत एकूण २२ कंपन्यांच्या भुकटीत मेलामाइन निघाले. सुमारे २ लाख ९४ हजार मुले बाधित झाली, ५० हजारांहून अधिक रुग्णालयात दाखल झाली आणि ६ मुलांचा मृत्यू झाल्याचे चीनच्या सरकारने मान्य केले.

सानलूमध्ये न्यूझीलंडच्या फॉन्टेरा या सहकारी दुग्धसंस्थेची ४३ टक्के भागीदारी होती. फॉन्टेराला ही गोष्ट २ ऑगस्ट २००८ रोजी कळली. बीजिंग ऑलिंपिकला ६ दिवस उरले होते. फॉन्टेराने भागीदार कंपनीकडे आणि स्थानिक अधिकाऱ्यांकडे माल परत मागवण्याचा आग्रह धरल्याचे नंतर सांगितले. पण स्थानिक अधिकारी हलले नाहीत आणि जाहीर घोषणाही झाली नाही. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही बाब समजली. त्यांनी स्थानिक पातळी ओलांडून थेट बीजिंगला कळवण्याचा आदेश ८ सप्टेंबर रोजी दिला. ११ सप्टेंबरला माल परत मागवल्याचे जाहीर झाले. म्हणजे ऐन ऑलिंपिकचा काळ धरून जवळजवळ ४० दिवस ती भुकटी बाटल्यांतून बाळांच्या पोटात जात राहिली.

मग मात्र जग वेगाने हलले. सिंगापूरला चिनी दुधाच्या गोळ्यांत मेलामाइन सापडले, अनेक देशांत बिस्किटे, चॉकलेट तपासली जाऊ लागली, भारताने त्याच सप्टेंबरात चीनमधील दूध आणि दुग्धजन्य पदार्थांची आयात बंद केली आणि ती बंदी पुढे अनेकदा वाढवली. मेलामाइन किती चालेल, याचा आकडाच तेव्हा कोणाकडे नव्हता. डिसेंबर २००८मध्ये ओटावा येथे तज्ज्ञ बसले आणि त्यांनी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.२ मिलिग्रॅम ही सहनमर्यादा सुचवली. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानक आयोगाने २०१०मध्ये बाळाच्या भुकटीसाठी किलोमागे १ मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवली. अन्नाचे मानक अनेकदा असे अपघातानंतर जन्माला येते.

आता याच फॉन्टेराची ५ वर्षांनंतरची गोष्ट. आपल्या मठ्ठ्यातील प्रथिनांच्या काही मालात बॉटुलिझम हा जीवघेणा विकार घडवणारा जंतू असावा, अशी शंका तिला आली. यावेळी तिने २ ऑगस्ट २०१३ रोजी सरकारला कळवले आणि पाठोपाठ जगाला. हा माल इतर कंपन्यांनी बाळाच्या भुकटीत वापरलेला होता. इन्फोसानमार्फत देशोदेशी सूचना गेल्या, अनेक देशांत डबे परत मागवले गेले, चीन आणि रशियाने निर्बंध घातले. महिनाअखेर, २८ ऑगस्ट रोजी, न्यूझीलंडच्या सरकारने पुन्हा केलेल्या तपासण्यांचा निकाल जाहीर केला. जंतू होता, पण त्याच कुळातला निरुपद्रवी भाऊबंद. कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. डबे परत मागवावे लागलेल्या डॅनोन कंपनीने नुकसानभरपाई मागितली आणि २०१७मध्ये लवादाने फॉन्टेराला १० कोटी ५० लाख युरो देण्यास सांगितले.

पहिल्या वेळी उशीर नडला, दुसऱ्या वेळी घाई. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते या दोन चुका एका तराजूत घालण्यासारख्या नाहीत. एकीत मुले दगावली, दुसरीत पैसे गेले. पण पुढच्या वेळी एखाद्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला शंकास्पद अहवाल हाती आल्यावर काय आठवेल, हा प्रश्न उरतोच. साडेदहा कोटी युरोंचा आकडा त्याला नक्की आठवेल.

शंका आणि खात्री यांतले अंतर कमी करण्याचे काम आता जनुकीय तपासणी करते. जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला, तर दोन देशांतल्या रुग्णांना एकाच ठिकाणच्या जंतूने गाठले आहे का, हे कळते. ब्रिटनमध्ये २०२२च्या सुरुवातीला लहान मुलांना साल्मोनेलाची बाधा होऊ लागली तेव्हा याच मार्गाने विखुरलेले रुग्ण एका गटात आले. ब्रिटनने २७ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेला कळवले. माग बेल्जियममधील आर्लों येथील किंडर चॉकलेटच्या कारखान्यापर्यंत गेला आणि ८ एप्रिल रोजी तो बंद करण्यात आला. ईस्टरचा मोसम असल्याने माल तोवर किमान ११३ देशांत पोहोचला होता, तरी एप्रिलअखेर नोंदलेले रुग्ण ११ देशांत मिळून १५१ होते. कारखान्यात मात्र हा जंतू डिसेंबर २०२१मध्येच आढळला होता. जाळे कितीही तत्पर असले, तरी ते कारखान्याच्या दाराशी सुरू होते. आत काय चालले आहे हे त्याला दिसत नाही.

नाशिकची द्राक्षे, मुंबईचे मसाले

महाराष्ट्राला ही यंत्रणा ओळखीची झाली ती द्राक्षांमुळे. आपण या गोष्टीत बहुतेकदा सूचना देणारे नसतो, सूचना ज्याच्याविरुद्ध निघते ते असतो. २००३मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि युरोपभर वर्दी गेली. त्या धक्क्यातून 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंद उभारली. निर्यातीचा प्रत्येक बाग नोंदवायचा, तोडणीपूर्वी नमुना तपासायचा आणि युरोपातील दुकानातल्या पेटीवरून थेट नाशिक किंवा सांगली जिल्ह्यातल्या बागेपर्यंत मागे जाता आले पाहिजे, अशी ती व्यवस्था.

तरीही २०१० साली फटका बसला. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात सापडले. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक होती आणि निर्यातपूर्व तपासणीत हे रसायन पाहिलेच जात नव्हते. पेट्या बंदरांवर अडकल्या, निर्यातदारांचे कोट्यवधी रुपये बुडाले, बागायतदारांच्या हाती पैसे पडेनात. तपासणीच्या यादीत जे नाही ते प्रयोगशाळेला सापडत नाही. मेलामाइनची गोष्ट याहून वेगळी नव्हती.

तिळाच्या बाबतीत तर प्रकरण उपरोधाचेच झाले. भारतीय तिळात साल्मोनेला सापडतो म्हणून युरोपने सीमेवरील तपासणी आधीच वाढवली होती. इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी दिली की हा जंतू मरतो. सप्टेंबर २०२०मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात याच वायूचे अंश आढळल्याची वर्दी दिली आणि पाव, बिस्किटे, तयार खाद्यपदार्थ अशा असंख्य वस्तू युरोपभर परत मागवल्या गेल्या. युरोपात अन्नाला या वायूची धुरी देण्यास बंदी आहे. अमेरिकेत मात्र मसाल्यांना ती चालते आणि ७ पीपीएमपर्यंत अंश कायदेशीर ठरतो. एकच पोते एका बंदरात माल असते, दुसऱ्या बंदरात गुन्हा.

२०२४च्या एप्रिलमध्ये हा वायू आपल्या घरातल्या नावांपर्यंत आला. हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने ५ एप्रिल रोजी एमडीएचचे ३ मसाले आणि मुंबईच्या एव्हरेस्टचा फिश करी मसाला यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे सांगून विक्री थांबवली. १८ एप्रिलला सिंगापूरने एव्हरेस्टचा तोच मसाला परत मागवण्याचा आदेश दिला. कंपन्यांनी आपली उत्पादने सुरक्षित असल्याचे सांगितले. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशातील कारखान्यांतून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुरुवातीला अहवाल आलेल्या २८ नमुन्यांत हा वायू आढळला नाही. स्पाइसेस बोर्डाने सिंगापूर व हाँगकाँगला जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची केली. तिकडे सापडले आणि इकडे सापडले नाही, यात विसंगती असलीच पाहिजे असे नाही. लॉट वेगळे असतील तर दोन्ही खरे असू शकते.

आपल्या ग्राहकाच्या दृष्टीने अडचण दुसरीकडेच आहे. निर्यातीच्या पेटीला क्रमांक असतो, तिचा माग बागेपर्यंत जातो. देशातही माल परत मागवण्याची नियमावली २०१७पासून आहे आणि बंद पाकिटावर बॅच क्रमांक छापावाच लागतो. पण वाण्याकडे पोत्यातून मोजून दिलेली मेथी, मिरचीपूड वा सुटे तीळ कोणत्या लॉटचे, हे वाण्यालाही सांगता येत नाही. बोर्दोजवळचे ते ५० ग्रॅमचे पाकीट इजिप्तहून माल निघाल्यानंतर दीड वर्षाने ओळखता आले, कारण त्याचा लॉट क्रमांक आयातदाराच्या कागदावर होता : ४८०८८.